नऊ कोंबड्या, पाच कोंबडे आणि एक शेजारी

पत्र

आमच्या परसात पाच कोंबड्या होत्या, कोंबडा नव्हता. गेल्या मोसमात एक खुडूक झाली, म्हणून ओळखीतून अकरा अंडी आणून तिच्याखाली ठेवली. नऊ पिल्लं फुटली. घरात नुसता आनंद. आता ती पाच महिन्यांची झालीत आणि त्यातले पाच कोंबडे निघाले. पहाटे चारला पहिला आरवतो, मग रांगेने बाकीचे. शेजारचे गृहस्थ रात्रपाळी करतात. दोनदा नम्रपणे सांगून गेले, तिसऱ्यांदा नम्रता नव्हती.

कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्यात. दोन कोंबडे रक्त येईपर्यंत भांडतात. सगळ्यात देखणा तांबडा, त्याचं नाव माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ‘राजा’ ठेवलंय, तो तिच्याच अंगावर धावून जातो. एक पांढरा आहे तो शांत, दाणा दिसला की कोंबड्यांना हाका मारतो. एक बिचारा दिवसभर लपून असतो. नवरा म्हणतो पलीकडच्या रानात सोडून देऊ, निसर्ग बघून घेईल. सासूबाई म्हणतात कापा. मुलगी रडते. आम्ही मांस खातो, पण हाताने कधी मारलेलं नाही. काय करू? आणि माझं चुकलं कुठे?

— पाच गजरांच्या घरातली एक

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं दिसतं. अंडी निवडताना तुमचं काहीही चुकलेलं नाही. नऊ पिल्लांत पाच नर म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे, आणि निसर्गाचा हिशेब निम्म्याचाच आहे. माणसांत बाळाचं लिंग बापाकडून ठरतं. पक्ष्यांत ते आईकडून ठरतं, आणि तेही अंडं बाहेर पडण्याच्या आधीच. लांबट अंड्यातून कोंबडी आणि गोल अंड्यातून कोंबडा, हा समज ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलाय. अंड्यावर दोऱ्याने अंगठी फिरवून बघणारे आजही भेटतात. त्यांचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो, तेवढा तर नाणं उडवूनही येतो.

चुकलं ते एवढंच, की अंडी खाली ठेवताना ‘निम्मे नर निघाले तर ते जाणार कुठे’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही पहिल्या वेळी विचारला नव्हता. कोंबड्या पाळणारा प्रत्येक जण एकदा या पाच महिन्यांच्या वळणावर येऊन उभा राहतो. बहुतेक जण तिथे आणखी पाच महिने नुसतेच उभे राहतात, आणि त्याची किंमत कोंबड्या मोजतात. म्हणून आधी त्यांचं बघू.

आज संध्याकाळपर्यंत कोंबडे वेगळे काढा. कुणाचं पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत थांबू नका. जाळीचं कुंपण, जुनं खुराडं, मोठं डालगं, जे हाताशी असेल ते चालेल. भांडणारे दोघे एकत्र ठेवू नका आणि लपणाऱ्याला त्यांच्यापासून दूर ठेवा. कोंबडा कोंबडीच्या पाठीवर चढतो तेव्हा नखांनी तोल सांभाळतो आणि चोचीने तिच्या डोक्यामागची पिसं धरतो. हलक्या जातीच्या एका नरामागे दहा-बारा माद्या असाव्या लागतात, जड जातीत सहा-आठ चालतात. तुमच्याकडे एकामागे दोनसुद्धा नाहीत. पाठी उघड्या पडणारच.

प्रत्येक कोंबडी उचलून पंखांखाली, कुशीला बघा. नखांच्या जखमा बहुतेक तिथे होतात आणि वरून पिसांनी झाकल्या जातात. जखम असेल तर तिला बाकीच्या कोंबड्यांपासूनही वेगळी ठेवा, कारण रक्त दिसलं की त्या स्वतःच टोचायला लागतात. पिसांचं एक लक्षात ठेवा. मुळापासून उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं, पण मध्येच तुटलेलं पीस खुंटासारखं तसंच राहतं आणि पुढच्या पिसं गाळण्याच्या काळात पडून मगच नवं येतं. त्यामुळे कोंबडे काढल्यावरही काहींच्या पाठी महिनोन्‌महिने उघड्या दिसतील. घाबरू नका. तोवर जाड कापडाचं, पंखांतून अडकवायचं पाठीचं झापड शिवून घातलं तर ऊन लागत नाही आणि ओरखडेही बसत नाहीत.

आता तुमच्या यजमानांचं रान. यावर मी जरा स्पष्ट बोलणार आहे, तर त्यांना पत्राचा हा भाग वाचून दाखवा. निसर्ग बघून घेईल हे खरं आहे. पहिल्या दुसऱ्या रात्रीच बघून घेईल. दाणा भांड्यातून खाणारा, रात्री बंद दाराआड झोपणारा, कुठे आहे ते पहाटे ओरडून सगळ्या रानाला सांगणारा पक्षी रानात दुसरं काय करणार? जो वाचेल तो कुणाच्या तरी अंगणात शिरेल आणि तिथल्या कोंबड्यांना आपल्याकडचे रोग देईल. पाळलेलं जनावर असं सोडून देणं अनेक देशांत गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, सुरी हातात घ्यायला नको म्हणून त्याच पक्ष्याला कोल्ह्याच्या तोंडी देणं ही दया नाही. सासूबाईंचा सल्ला ऐकायला कठोर वाटतो, पण यापेक्षा तो कितीतरी माणुसकीचा आहे.

मग प्रश्न येतो, एक तरी ठेवायचा का. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. तुमच्या पाच कोंबड्या आधी कोंबड्याशिवाय अंडी देतच होत्या. नर लागतो तो फक्त पिल्लांसाठी, आणि थोडाफार राखणीला. पण चांगला कोंबडा असला की कळपाची शिस्त बदलते, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. तुमचा पांढरा दाणा दिसला की हाका मारतो म्हणता ना, ते फार चांगलं लक्षण आहे. तो दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि कुकुक करत कोंबडीला वाढतो. आकाशात घार दिसली तर असा नर एक आवाज काढतो आणि जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर दुसरा. पहिल्या आवाजाला कोंबड्या आडोशाला दबून बसतात, दुसऱ्याला माना वर करून सावध होतात. कोंबड्यांनाही यातलं कळतं. हलक्या दर्जाच्या नराने जबरदस्ती केली तर पुष्कळदा त्या नंतर त्याचं वीर्य बाहेर टाकून देतात. खुराड्यात निवड फक्त आपणच करत नाही.

ठेवायचाच असेल तर पांढरा ठेवा. नऊ कोंबड्यांना एक पुरे. दुसरा ‘असू दे’ म्हणून ठेवू नका, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आणि त्याला कायम अंडी देणाऱ्या कोंबड्यांचंच खाद्य घालू नका. त्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं आणि अंडं न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना हवा त्या खातील.

राजाबद्दल काय लिहू? देखणा कोंबडा ठेवायचा मोह मला कळतो. मीही एक ठेवला होता, सोनेरी मानेचा, दोन वर्षं. गुडघ्याखालची खूण अजून दाखवते विचारणाऱ्याला. पाच-सहा महिन्यांत अंगात नरपणा चढतो तेव्हा बरेच कोंबडे माणसाची परीक्षा बघतात. एक पंख खाली सोडून तिरके तिरके नाचत येतात, मग उडी मारतात. अशा वेळी पळायचं नाही, लाथही मारायची नाही. पळालात तर तो जिंकला, आणि लाथ म्हणजे त्याच्या भाषेत लढाईचं आमंत्रण. त्याला शांतपणे उचलून काखेत धरून फिरायचं, आपल्यासमोर त्याला कोंबडीच्या अंगावर चढू द्यायचं नाही, त्याला वाट सोडायला लावायची. मोठ्या माणसांच्या घरात याने काही कोंबडे सुधारतात. पण तुमच्या घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. कोंबडा उडी मारून पायामागच्या काट्याने मारतो, आणि खाली वाकलेल्या लेकराचे डोळे त्याच्या टप्प्यात येतात. तो काटा अजून बोथट आणि छोटा असेल, पण वर्षभरात वाढून अणकुचीदार होईल. शिवाय हा स्वभाव पिल्लांतही उतरतो. राजाला ठेवू नका. मुलीचा लाडका आहे म्हणून तर मुळीच नाही. लहानपणी सतत मांडीवर घेतलेल्या नराला बहुधा माणसाचा धाक उरत नाही, आणि मग तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो.

आता आवाज. तुम्ही लिहिलंत की पहिला एक आरवतो आणि मग रांगेने बाकीचे. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबडा उजाडलं म्हणून आरवत नाही, तर त्याच्या अंगातलं घड्याळ त्याला उजाडण्याच्या आधीच उठवतं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही ठरलेल्या वेळी आरवत राहिले. 2015 मध्ये त्यांनीच पुढचं सांगितलं: आधी मानाने पहिला असलेला आरवतो, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्याला काढलं की तो मान दुसऱ्याकडे जातो. म्हणजे फक्त राजाला घालवून शेजाऱ्यांची झोप परत येणार नाही. चार जण रांगेत उभेच आहेत.

कोंबड्यापासून हातभर-दोन हातांवर बांगेचा आवाज 100 डेसिबलच्या पुढे जातो, आणि त्याच्या स्वतःच्या कानाशी 140 च्याही वर. त्याला त्रास होत नाही, कारण चोच पूर्ण उघडली की त्याची कानाची नळी आपोआप मिटते. शेजाऱ्यांकडे ही सोय नाही.

गळ्याला बांधायचे आवाज-पट्टे मिळतात. बांगेला लागणारा हवेचा झोत त्याने अडतो, पण जरा घट्ट झाला तर श्वासही अडतो, आणि पिसं साफ करताना चोच किंवा नख पट्ट्यात अडकून कोंबडे मेल्याच्या गोष्टी पाळणाऱ्यांकडून ऐकायला मिळतात. वाढत्या वयाच्या नराला तर नकोच. आवाज बंद करणाऱ्या शस्त्रक्रियेचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ती घातक आहे आणि नुसत्या आपल्या सोयीसाठी आहे.

त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे रात्रीची पेटी. आत पूर्ण अंधार, हवेसाठी झाकलेल्या वाटा, आणि छप्पर इतकं बुटकं की त्याला आरामात बसता येईल पण मान पूर्ण ताणता येणार नाही. मान न ताणता त्याला मोकळी बांग देता येत नाही. रात्री झोपलेला उचलून आत ठेवायचा आणि लोक उठल्यावर सोडायचा, रोज, पावसात आणि आजारपणातसुद्धा. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण झाकलेल्या कोंबड्याचा आवाज मात्र बराच कमी होतो. एका पांढऱ्यासाठी हे जमेल, पाचांसाठी नाही. आणि एक अवघड गोष्ट सांगते. तुमचे शेजारी रात्रपाळी करतात, म्हणजे झोपतात दिवसा, आणि कोंबडा दिवसाही आरवतो. पेटीने त्यांची अर्धीच सोय होईल. पांढरा ठेवायचा की नाही हे त्यांना विचारूनच ठरवा. ते नको म्हणाले तर त्यांचं म्हणणं रास्त आहे.

उरलेल्यांना घर बघून देता येईल का? येईल, पण आशा माफक ठेवा. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्या सगळ्यांकडे नकोसे नर आहेत, आणि भटक्या प्राण्यांचे आश्रम अशा नरांनी भरलेले असतात. ज्याला कळपाच्या राखणीला किंवा उबवणीसाठी एखादा नर हवा असेल असा माणूस क्वचित सापडतो. त्याला खरं सांगा: वय, जात, कोणता भांडतो, कोणता माणसावर येतो. राजाचा स्वभाव झाकून तो दुसऱ्याच्या लेकराच्या अंगणात पाठवला, तर तुम्ही प्रश्न सोडवला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. घेणाऱ्याला नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवायला सांगा. आणि ‘सगळे द्या, कसलेही चालतील, भांडकुदळ असले तर उत्तम’ म्हणणारा कुणी आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. झुंजी लावणारे असेच शोधत फिरतात.

नुसत्या नरांचा वेगळा कळप हा प्रकारही आहे. एकत्र वाढलेले कोंबडे, आसपास कोंबडी दिसत नसेल आणि जागा ऐसपैस असेल, तर आश्चर्य वाटावं इतके गुण्यागोविंदाने राहतात. पण कोंबड्या दिसायला नकोत आणि एकदा माद्यांत गेलेला परत त्यांच्यात आणायचा नाही. तुमच्या परसात दोन्ही कठीण दिसतं. खाद्याचा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो आणि शेजाऱ्यांना फरक शून्य.

राहिला सासूबाईंचा मार्ग. तुम्ही मांस खाता, म्हणून संकोच न करता लिहिते. घरातले नकोसे नर कापून खाणं ही कोंबडीपालनाइतकीच जुनी गोष्ट आहे. तुमचे कोंबडे या घडीला योग्य वयाचे आहेत. चार-पाच महिन्यांचं मांस कोवळं असतं. वर्षाचा झाला की तोच कोंबडा तासन्‌तास मंद आचेवर ठेवावा लागतो. त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणण्यात कुणाचंच भलं नाही.

पण पुस्तक वाचून किंवा चित्रफीत बघून हे काम एकट्याने करू नका. पहिल्यांदा अनुभवी हात शेजारी हवा. कापण्याचं काम त्यांनाच करू दिलंत तरी त्यात कमीपणा नाही. आधी बघा, गेल्या काही आठवड्यांत औषध दिलंय का. दिलं असेल तर वेष्टनावर लिहिलेले वर्ज्य दिवस उलटू द्या. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. पहाटे अंधारात त्याला दांडीवरून अलगद उचला. दिवसा अंगणभर पाठलाग करून धरलेला कोंबडा भेदरलेला असतो, ते त्याच्यासाठीही वाईट आणि मांसासाठीही. बाकीच्यांच्या नजरेआड न्या. खाली निमुळत्या होणाऱ्या नळकांड्यात उलटा ठेवला की पंख आवळले जातात आणि तो शांत होतो. सुरी इतकी धारदार हवी की दुसऱ्यांदा चालवावी लागू नये, आणि जबड्याखाली मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एकाच वेळी कापल्या गेल्या पाहिजेत. शुद्ध काही क्षणांत हरपते. त्यानंतरची फडफड स्नायूंची असते, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते पटत नाही, म्हणून आधी सांगून ठेवते. पिसं सोलण्यासाठी 60 ते 65 अंशांचं पाणी आणि साधारण मिनिटभर. उकळतं पाणी घेतलं तर कातडी फाटते. आणि लगेच चुलीवर चढवू नका. फ्रीजमध्ये एक-दोन दिवस ठेवा, ताठरलेले स्नायू सैल पडू द्या. पहिल्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरच्यांनी रबर चावलं आणि दोष माझ्या स्वयंपाकाला गेला.

मुलीला ‘राजा शेतावर राहायला गेला’ असलं काही सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला ते कळतं, आणि मग तुमचं पुढचं कुठलंच बोलणं तिला खरं वाटत नाही. तिला आधी सांगा, रडू द्या, निरोप घेऊ द्या. जेवायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. त्या दिवशी ती घरात नसली तर उत्तम. पांढरा राहणार असेल तर त्याला नाव ठेवायला तिलाच सांगा. पुढच्या पिल्लांना मात्र कोण कोण आहे ते कळेपर्यंत नाव नको. दीड-दोन महिन्यांत नरांचे तुरे मोठे आणि लाल होतात. तीन महिन्यांच्या पुढे मान आणि शेपटीच्या मुळाशी लांब टोकदार चकचकीत पिसं येतात, माद्यांची तिथली पिसं गोलसर राहतात. बांगेवर एकट्या विसंबू नका. अंडाशय बिघडलेली म्हातारी कोंबडीही कधी कधी आरवते. अशीच काहीतरी भानगड असावी असं मला वाटतं 1474 साली आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या त्या ‘कोंबड्या’ची. अंडं घातलं म्हणून त्याच्यावर खटला भरला आणि त्याला जाळलं.

यापुढे नर नकोतच असं वाटलं तर अंडी देण्याच्या वयाला आलेल्या तलंगा आणा, किंवा जन्मतःच रंगावरून नर-मादी ओळखता येणाऱ्या संकरित जातीची मादी पिल्लं. मी स्वतःही हल्ली तेच करते. पण मनाची फसवणूक करत नाही. अंड्यांच्या जातीची निवडक मादी पिल्लं विकली जातात तेव्हा त्यांचे भाऊ बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी घातली आणि तिथे आता बरीच उबवणी केंद्रं अंड्यातच लिंग तपासतात. बाकी पुष्कळ जगात ते चालूच आहे. तुमच्या परसात तोच प्रश्न पाच महिने उशिरा आला, आणि त्या पाच महिन्यांत त्या नरांनी ऊन, माती आणि किडे बघितले. पुन्हा खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवावीशी वाटली तर जरूर ठेवा, फक्त निम्म्यांचं काय ते आधी ठरवून ठेवा.

पांढऱ्याचीच पिल्लं हवी असतील तर बाकीचे चौघे गेल्यावर किमान तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणजे राजा गेल्यावरही त्याची लेकरं निघू शकतात. तोवरची अंडी खुशाल खा, रोजच्या रोज गोळा केलेल्या फलित अंड्यात ऊब न मिळाल्याने पिल्लाची वाढ पुढे सरकत नाही.

आणि आज कोंबडे वेगळे करून झाले की शेजाऱ्यांकडे जा. ‘बघतो काहीतरी’ असं पुन्हा सांगू नका. कोणत्या वारी कितीजण जाणार ते सांगा, आणि जाताना थोडी अंडी घेऊन जा.